अडीचची वायर आणि ओहम साहेब



मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅगझिन कमिटीतल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. घरी मुरगूडची मराठी, शाळेत इंग्लिश, आणि मधल्या मधे मी. माझं ऱ्हस्व-दीर्घ रूममेटने तपासलंय, त्यामुळे चुका राहिल्या असतील तर त्या आम्हा दोघींच्या! कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावं तर माझा प्रवास मुरगूड, मुदाळ तिट्टा, कोल्हापूर आणि हॉस्टेल एवढाच. म्हणून एका माणसाबद्दल लिहितेय. त्याचं नाव आपण दहावीपासून जवळजवळ रोज घेतो, पण तो माणूस म्हणून कोण होता हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं? मला तरी नव्हतं.

जॉर्ज सायमन ओहम. हो, तेच ते. व्ही इज इक्वल टू आय आर वाले.

पण त्यांच्यापर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगायला पाहिजे, कारण ती गोष्ट काही फार अभिमानाची नाही.

मुरगूडला वेदगंगेच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. ऊस तर आहेच, पण माझे थोरले चुलते, तात्या, विहिरीजवळच्या तुकड्यात मिरची आणि वांगी करतात. गेल्या वर्षी त्यांनी विहिरीत दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज पाणबुडी मोटर टाकायचं ठरवलं. शेडमधल्या मीटरपासून विहीर सुमारे २०० मीटर. आमच्याकडचे जुने वायरमन काका म्हणाले की सहा एमएमची वायर घ्या. तात्यांनी किंमत विचारली आणि मग माझ्याकडे बघितलं. पोरगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला आहे, तिला विचारू!

मित्रांनो, खरं सांगते, त्या क्षणी मला काय भारी वाटलं होतं. मी मोबाईल काढला, वायरचा तक्ता उघडला. मोटर घेणार साधारण १० अँपिअर. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर त्याहून कितीतरी जास्त करंट सहज सोसते, असं तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी ऐटीत सांगितलं, अडीचची बास झाली, सहाची म्हणजे पैसे वाया. वायरमन काका काही बोलले नाहीत. अडीचची वायर आली.

उन्हाळ्यात मोटर जळाली. ऐन एप्रिलमध्ये. मोटर भरून यायला आठ दिवस गेले आणि तेवढ्यात निम्मी रोपं वाळली. तात्या सगळ्यांना सांगत होते की संध्याकाळी लाइट डिम येते, त्यानेच घात केला. मी तेव्हा घरीच होते. का कुणास ठाऊक, पण मला आतून कळलं होतं की फक्त तेवढंच नाही. मी गप्प बसले. भरून आणलेली मोटर परत त्याच वायरवर जोडली गेली आणि मी हॉस्टेलला निघून आले.

पुढच्या सेमिस्टरला वायवात सरांनी विचारलं, ओहमचा नियम सांग. मी एका दमात सांगितला, तापमान कायम असताना वगैरे सगळं. सरांनी पुढचा प्रश्न टाकला. ओहमने नक्की काय मोजलं? कुठल्या तारा घेतल्या, त्यांच्यात काय काय बदललं? मी गप्प. सर रागावले नाहीत. लायब्ररीत जा, वाच आणि मग ये, एवढंच म्हणाले. मी गेले. सबमिशनचे दिवस असूनही दोन दिवस तिथेच बसले. आता त्या माणसाची गोष्ट सांगते.

जॉर्ज ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एरलांगेन या गावचा. वडील योहान व्होल्फगांग हे कुलुपं बनवणारे कारागीर. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन, आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

या वडिलांबद्दल वाचताना मला राहून राहून नवल वाटलं. त्यांचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. पण स्वतः वाचून वाचून ते इतकं गणित आणि विज्ञान शिकले होते की मुलांना घरीच शिकवायचे. दिवसभर कानस आणि हातोडी, आणि त्यातूनच वेळ काढून पोरांना गणित. गावातल्या शाळेत मुलांना जे मिळत नव्हतं ते या कुलूपवाल्याच्या घरात मिळत होतं. मुलं पंधराच्या आसपास असताना तिथल्या विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ते इतके खूष झाले की त्यांनी या घराची तुलना बर्नुली घराण्याशी केली. बर्नुली म्हणजे तेच, ज्यांनी आपल्याला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये रडवलंय! मार्टिनही पुढे मोठा गणिती झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज एरलांगेन विद्यापीठात दाखल झाला. आणि मग काय झालं असेल? जे आपल्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी होतं तेच! अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. तीन सेमिस्टरमध्येच वडिलांचा संयम संपला. मला जे मिळालं नाही ते तुला मिळतंय आणि तू ते उडवतोस, असा त्यांचा राग होता. कॉलेज सुटलं आणि १८०६ मध्ये पोरगा स्वित्झर्लंडला गेला, एका शाळेत गणित शिकवायला. वय वर्षे सतरा. पुढे तो खाजगी शिकवण्या घेत राहिला आणि उरलेल्या वेळात स्वतःच गणित वाचत राहिला. १८११ मध्ये परत एरलांगेनला येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली. म्हणजे बॅकलॉग भरून काढता येतो, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण डॉक्टरेट मिळाली म्हणून पोटापाण्याची सोय झाली नाही. विद्यापीठात तीन सेमिस्टर शिकवलं, पण पगार नगण्य आणि बढतीची आशा नाही. मग बांबेर्ग गावातल्या एका साध्या शाळेत नोकरी. तिथे ते अजिबात रमले नाहीत आणि ती शाळाही १८१६ मध्ये बंद पडली. या काळात त्यांनी भूमितीचं एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाला पाठवलं. नशीब उघडलं. १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची जागा मिळाली. तिथे एक चांगली प्रयोगशाळा होती. आपली जी गोष्ट आहे ती तिथेच घडली.

आता त्या काळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. व्होल्टाने सेलची चळत तयार करून जेमतेम वीसेक वर्षं झालेली. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई हलते. त्यामुळे करंट मोजायला काहीतरी साधन मिळालं होतं. पण अँमीटर नाही, व्होल्टमीटर नाही, मल्टिमीटर नाही. ओहम हा शब्द युनिट म्हणून नाहीच, कारण ते साहेब स्वतः अजून शाळेत पोरांच्या वह्या तपासत होते! तार लांब केली की करंट कमी होतो हे लोकांना दिसत होतं. पण किती कमी होतो, कुठल्या हिशोबाने, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. इंग्लंडमध्ये बार्लो नावाच्या शास्त्रज्ञाने याच सुमारास २०० फुटांच्या तारेवर प्रयोग केला आणि परिणाम इतका घटलेला पाहून असा निष्कर्ष काढला की विजेने लांबवर संदेश पाठवणं जमणार नाही. २०० फूट म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या गेटपासून मेसपर्यंतही नाही!

१८२५ मध्ये ओहम यांनी हा प्रश्न हातात घेतला. एक ठरलेली जाड, आखूड तार घ्यायची, मग तिच्या जागी वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावायच्या आणि सुईवरचा जोर किती घटतो ते बघायचं. त्यातून त्यांनी एक सूत्र काढलं, लॉगरिदमचं, आणि छापूनही टाकलं.

ते सूत्र चूक होतं.

हे वाचून मी खुर्चीत सरळ झाले. ओहमचा पहिला नियम चूक होता! कारण असं की त्या काळचे सेल भरवशाचे नव्हते. जोडल्याबरोबर जोर खूप, मग तो भराभर उतरायचा. म्हणजे एकीकडे तार बदलतेय आणि दुसरीकडे विजेचा उगमच बदलतोय. अशात कुठला फरक तारेचा आणि कुठला सेलचा, हे कसं कळणार?

एखाद्याने काय केलं असतं? छापून झालंय ना, मग राहू दे. कुणी विचारलं तर सेल खराब होता म्हणायचं. (मी हेच केलं होतं, फक्त माझ्या गोष्टीत सेलच्या जागी डिम लाइट होती.) ओहम यांनी असं केलं नाही. जर्नलचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं की सेलऐवजी थर्मोकपल वापरून बघा. सीबेकने १८२१ मध्ये शोधलेली ही युक्ती अशी, की दोन वेगळे धातू जोडायचे, एक सांधा गरम ठेवायचा, दुसरा थंड, की करंट वाहतो. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळतं पाणी शंभराच्या वर जात नाही आणि वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे दाब कायम! इतकी साधी गोष्ट, पण सगळा खेळ तिथे होता.

मग सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. तारेच्या वर एक चुंबकसुई बारीक पट्टीवर टांगलेली. करंट सुरू झाला की सुई फिरते. मग वरचं टोक पिळत पिळत तिला परत जागेवर आणायचं, आणि किती पीळ द्यावा लागला तो आकडा लिहायचा. ही उपकरणं त्यांनी हौसेने आणि काटेकोरपणे केली. कुलूपवाल्याच्या घरात वाढल्याचा फायदा इथे झाला असणार. जानेवारी १८२६ मध्ये हे प्रयोग चालू होते.

आता त्यातले दोन-तीन आकडे बघा, मजा आहे. २ इंचाच्या तारेला पीळ सुमारे ३२६. ४ इंचाच्या तारेला सुमारे ३००. लांबी दुप्पट झाली, मग करंट निम्मा व्हायला पाहिजे ना? झाला नाही. पण १३० इंचाला तो ४८ च्या आसपास आला. लांब तारांमध्ये हिशोब जवळपास जुळतो, आखूड तारांमध्ये अजिबात जुळत नाही. का?

कारण तार म्हणजे सगळं सर्किट नव्हे. करंटला फक्त ती २ इंचाची तार पार करायची नव्हती. थर्मोकपलचे जाड तुकडे, जोड, सांधे, सगळंच पार करायचं होतं. त्या बाकीच्या भागाचा अडथळा ओहम यांच्या आकड्यांवरून साधारण २० इंच तारेइतका निघत होता. म्हणजे २ ची ४ केली तर खरं तर २२ ची २४ झाली. मग ३२६ चा ३०० होणारच! त्यांनी सूत्र मांडलं ते असं, की सुईवरचा जोर म्हणजे एका स्थिर आकड्याला, तारेची लांबी अधिक बाकीच्या सर्किटचा हिस्सा, या बेरजेने भागायचं. गरम-थंडमधला फरक कमी केला की वरचा आकडा बदलायचा, खालचा तसाच राहायचा. वरचा म्हणजे आपला व्होल्टेज, खालचा म्हणजे आपला रेझिस्टन्स. झाला ओहमचा नियम!

जाडीचंही त्यांनी तपासलं. एकाच धातूची तार दुप्पट क्षेत्रफळाची घेतली तर ती दुप्पट लांब असूनही तेवढाच करंट जाऊ देते. म्हणजे तारेच्या स्वभावात तीन गोष्टी आल्या. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की घटतो, आणि तिसरी गोष्ट धातूची जात. (रोध हा शब्द मला या लेखामुळे कळला. आमच्या शाळेत रेझिस्टन्सच होता.) चौथी गोष्ट तापमानाची, तांब्याची तार तापली की रोध थोडा वाढतो. चार ओळींचं हे ज्ञान मी दहावीत पाठ केलं होतं आणि पाचपैकी पाच मार्क घेतले होते.

लायब्ररीतच मी मागच्या पानावर हिशोब मांडला. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध दर १०० मीटरला साधारण ०.७ ओहम. आमचं अंतर २०० मीटर. पण करंट जातो आणि परतही येतो! म्हणजे वायर ४०० मीटर. रोध सुमारे पावणेतीन ओहम. त्यातून १० अँपिअर म्हणजे साडेसत्तावीस व्होल्ट वायरमध्येच खर्ची. शेडमध्ये संध्याकाळी १९५ व्होल्ट असतील तर मोटरपर्यंत १६७ च पोचणार. पाणी तर तेवढंच उचलायचंय, म्हणून मोटर आणखी करंट ओढते. करंट वाढला की वायरमधला तोटा आणखी वाढतो, आणि उष्णता तर करंटच्या वर्गाने वाढते. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट मागते, तेव्हा तर तिची अवस्था विचारायलाच नको. याउलट सहाच्या वायरला रोध सव्वा ओहमच्याही आत आणि तोटा साडेअकरा व्होल्ट.

मी बघितलेल्या तक्त्यात चूक नव्हती. वायर किती करंट सोसेल, एवढंच त्यात होतं. वायर जळालीही नाही, मोटर जळाली. त्या तक्त्यात लांबीचा रकाना नव्हता, आणि मला तो आठवला नाही. वायरमन काकांना सूत्र माहीत नसेल, पण लांब पल्ल्याला जाड वायर लागते हे त्यांच्या हाताला माहीत होतं. ओहम साहेबांनाही आधी तारा बघूनच कळलं, सूत्र नंतर आलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८२६ मध्ये ओहम यांनी जुनं सूत्र बाजूला ठेवून नवं छापलं. शाळेतून अर्ध्या पगारावर रजा घेतली, बर्लिनला भावाकडे राहिले आणि १८२७ मध्ये गॅल्व्हनिक सर्किटच्या गणितावर पुस्तक प्रसिद्ध केलं. उष्णता जशी धातूत वाहते त्याचं फूरियेने जे गणित केलं होतं, त्याच धर्तीवर त्यांनी विजेचं केलं. या पुस्तकावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची आशा होती. झालं उलटंच. काहींना ते गणित कळलं नाही, काहींना प्रयोगाच्या विषयात एवढं गणित आणणंच आवडलं नाही, आणि बर्लिनमधून तर जहरी टीका झाली. ओहम दुखावले. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. नंतरची पाचेक वर्षं बर्लिनमध्ये गणिताच्या तासिका घेऊन कशीबशी काढली. वय चाळीस, लग्न नाही, नाव नाही, हातात बरोबर असलेला नियम आणि तो कुणी घ्यायला तयार नाही. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. नाव झालं ते बाहेरून. फ्रान्समध्ये पुये यांच्या प्रयोगांतून तीच गोष्ट सिद्ध झाली, इंग्लंडमध्ये तारायंत्राच्या कामाला हा नियम लागायला लागला, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉपली पदक दिलं. पुस्तक आल्यावर चौदा वर्षांनी!

म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं ते १८५२ मध्ये. ज्या जागेची वाट तरुणपणापासून पाहिली ती त्रेसष्टाव्या वर्षी. आणि ६ जुलै १८५४ ला ते गेले. जेमतेम दोन वर्षं.

त्याच १८५४ च्या सुमारास आपल्याकडे मुंबई तारायंत्राने आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली जात होती. भारतातल्या तारायंत्राचे प्रणेते ओशॉनेसी यांनी कलकत्त्याच्या पहिल्या लाइनला लोखंडाच्या जाड सळ्या वापरल्या होत्या. लोखंडाचा रोध तांब्याच्या पाच-सहा पट, पण सळी जाड असली की तो भरून निघतो. २०० फुटांवर अशक्य म्हटलेली गोष्ट हजारो मैलांवर गेली! १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककाला ओहम नाव पक्कं झालं. ते ऐकायला साहेब नव्हते.

आणखी एक माहिती मिळाली ती सांगते आणि थांबते. ओहमच्या सुमारे पंचेचाळीस वर्षं आधी, १७८१ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच नियम जवळपास सापडला होता. मीटर नव्हता म्हणून ते स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या शॉकवरून अंदाज घ्यायचे! पण हा माणूस फारच अबोल. त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. मॅक्सवेल यांनी त्यांचे कागद १८७९ मध्ये छापले तेव्हा जगाला कळलं. तोवर कॅव्हेंडिश जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. माहीत असून गप्प बसलं तर त्या माहितीचा कुणाला काय उपयोग?

हे वाचलं तो गुरुवार होता. शनिवारी मी एसटी पकडली.

घरी जाऊन मी तात्यांना सगळं सांगितलं. वायर मी सांगितली म्हणून बारीक आली, लाइट डिम असतेच पण निम्मा दोष वायरचा, म्हणजे माझा, आणि ही मोटरसुद्धा अशीच जळणार. सांगताना रडू आलं ते लपवत नाही. तात्या थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी वायरमन काकांना फोन लावला.

संध्याकाळी आम्ही तिघं शेतात. काकांनी शेडमध्ये व्होल्टेज बघितला, २१४. मोटर चालू असताना विहिरीवर बघितला, १८६. टाँग टेस्टरवर १० अँपिअर. फरक २८ व्होल्टचा! माझ्या वहीत साडेसत्तावीस होते. मी वही काकांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं की हे सहाच्या वायरलाही काढता येतं का. मी काढून दाखवलं. मग चारच्या वायरचं विचारलं, तेही काढलं. त्या दिवशी त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की कुठल्याही वायवात विचारले नसतील.

पुढच्या आठवड्यात सहाची वायर पडली. तात्यांनी फोनवर आकडे सांगितले, शेडमध्ये २१६, विहिरीवर २०४. मिरची यंदा बरी आहे. अडीचच्या वायरचं भेंडोळं अजून शेडमध्ये खुंटीला टांगलेलं आहे. तात्या म्हणतात, घरातल्या बोर्डांना वापरू, तिथे लांबी कमी असते. बघा, त्यांनाही ओहमचा नियम समजला!

सरांकडे मी परत गेले आणि वायवाच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आठ तारा, २ पासून १३० इंचापर्यंत. सरांनी मार्क वाढवले नाहीत, मुदत संपली होती. चालायचंच.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी